ससोबांची गाठ आणि अस्वलसरांची बशी

एका जंगलात, जिथे लांडगेसुद्धा नावापुढे डॉक्टर लावत, कर्करोगावर संशोधन करणारी एक मोठी संस्था होती. तिचे प्रमुख होते अस्वलसर. हसू नका, बाळांनो. तुमचे सर काय कमी केसाळ आहेत?

संस्थेत चिमा नावाची खार नव्याने शिकायला आली. तिच्या झाडाखालच्या बिळात ससोबा राहत. म्हातारे, एकटे, आणि कानामागे कर्करोगाची गाठ. चिमा लहान असताना त्यांनी तिला पाठीवर बसवून अख्खं रान दाखवलं होतं. ती गाठ घालवायची, एवढ्यासाठीच चिमा संस्थेत आली होती.

"फारच भाबडं कारण आहे," अस्वलसर म्हणाले. "पण सुधारशील हळूहळू."

प्रशिक्षण सुरू झालं. आधी चिमा सरांच्या विनोदांना हसायला शिकली. मग प्रत्येक लेखावर सरांचं नाव घालायला शिकली. मग कुठे तिला एक बशी मिळाली. बशीत ससोबांच्या गाठीतल्या पेशी वाढत होत्या. पेशी म्हणजे काय, ते तुम्ही शाळेत शिकला असालच. नसाल तरी बिघडत नाही, संस्थेतही बऱ्याच जणांना ठाऊक नव्हतं.

या पेशी सरांनी फार पूर्वी काढून वाढवल्या होत्या. शेजारणीला विरजण द्यावं तशा त्या प्रत्येक नव्या शिष्याला मिळत. विरजण मुळात कुणाच्या घरचं, हे कुणी विचारतं का? इथेही कुणी विचारलं नव्हतं.

सरांचा गाजलेला शोध याच बशीतला. मध घातला की पेशी फोफावतात, मध तोडला की सुकतात. म्हणून ससोबांना कडक पथ्य होतं. मध बंद!

"पण मी जन्मात मध चाटलेला नाही हो," ससोबा म्हणत.

"वा! पथ्य पाळावं तर असं!" सर म्हणत.

गाठ मात्र वाढतच होती. आता ससोबांना कान वर करता येईना.

शेवटी संस्थेत जे कुणी करत नसे, ते चिमाने केलं. ससोबांच्या गाठीतल्या ताज्या पेशी आणल्या आणि बशीतल्या पेशींशी भिंगाखाली ताडून पाहिल्या. काही म्हणजे काही जुळेना. बशीतल्या पेशी ऐसपैस, काळ्याभोर, आणि मधासाठी हपापलेल्या.

चिमाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सरांना विचार करताना अंग खाजवायची सवय होती. तेही उघड्या बशीवर वाकून! सरांच्या पेशी बशीत पडल्या आणि त्यांनी सशाच्या पेशींना केव्हाच हुसकावून लावलं.

ती बशी घेऊन सरांकडे गेली. "सर, रागावू नका. या बशीत ससोबा नाहीत. तुम्ही आहात."

सर बराच वेळ पोट खाजवत राहिले. मग त्यांनी चिमाला कडकडून मिठी मारली. बिचारी त्यात जवळजवळ गेलीच होती.

"केवढा शोध लावलास, पोरी! सशाच्या पेशी हुबेहूब अस्वलासारख्या! म्हणजे ससोबा ससा नाहीतच. ते अस्वल आहेत!"

"अहो सर, पण..."

पण सभा भरलीसुद्धा. ससोबांना शाल-श्रीफळ देऊन अस्वल म्हणून जाहीर केलं. टाळ्या थांबेनात.

"आणि माझी गाठ?" ससोबांनी शालीतून मान काढून विचारलं.

"अहो, ही गाठ फक्त सशांना होते," सर प्रेमाने म्हणाले. "तुम्ही बरे झालात!"

ससोबांनी चिमाकडे पाहिलं. चिमाला रडू फुटलं. ते आनंदाश्रू समजून सरांनी तिला तिथल्या तिथे प्रमाणपत्र दिलं. तिचं प्रशिक्षण पूर्ण झालं होतं, आणि जंगलात आता आजारी ससा एकही उरला नव्हता.

तात्पर्य: बाळांनो, चूक सापडली तर कधीही लपवू नका, लगेच मोठ्यांना सांगा. तुमच्याजवळ राहिली तर ती नुसती चूकच राहील, मोठ्यांच्या हाती पडली की तिचा शोध होतो.