एका अंगठ्यावर अख्खी वस्ती

“कॉम्प्युटर होय? माझ्या डाव्या हातचा मळ!” कंपाउंडर बायकोला म्हणाले.

“मग त्याच डाव्या हाताने भाजी ढवळा,” बायको म्हणाली. “करपतेय.”

पण कंपाउंडरांचं लक्ष भाजीत कुठलं असायला! शहरात जाऊन ते ट्रेनिंग करून आले होते, वर परीक्षेत पहिले! डोंगराच्या पायथ्याशी त्यांचा एका खोलीचा दवाखाना. त्यात आता टेबलभर कॉम्प्युटर पसरला होता आणि शेजारी अंगठा टेकवायचं यंत्र. पेशंटने अंगठा टेकवला की त्याची सगळी दुखणी पडद्यावर हजर! अर्थात कोणीतरी आधी ती भरली तर. सध्या पडदा नव्या पाटीसारखा कोरा होता.

दवाखाना होता डोंगरावरच्या वस्तीसाठी. ती माणसं तिथली मूळची. रस्ता, सरकार, कंपाउंडर हे सगळे त्यांच्यानंतर आलेले पाहुणे. खाली यायचं म्हणजे अर्ध्या दिवसाची उतरण. आजारी माणसाला हे कसं झेपणार? म्हणून वस्तीने आपली सोय केली होती. दुखणी सगळ्यांची, पाय एकट्या आत्याचे!

अख्ख्या वस्तीची ती आत्या. दर आठवड्याला ती उतरायची आणि बाकावर बसून सगळ्यांची दुखणी सांगायची. पण दुसऱ्याचं दुखणं त्याच्या माघारी बोलणं त्यांच्यात चहाडी समजत. त्यामुळे आत्या प्रत्येक दुखणं स्वतःचंच म्हणून सांगायची आणि ज्याचं असेल त्याचं हुबेहूब सोंग वठवायची!

काय दिवस होते ते! कपाटात गुलाबी आणि पिवळ्या मिक्श्चरच्या बाटल्या, त्यांना बुचं, डोस मोजायला बाटलीवर चिकटवलेली कातरलेली कागदी पट्टी. आत्या डावा पाय ओढत दारातून आत आली की कंपाउंडर ओरडायचे, “मुखियाचा गुडघा!”

“मी कुठे काय म्हटलं?” आत्या नाक उडवायची. “माझाच गुडघा. आणि हे बघ, माझं नाकपण गळतंय.” असं म्हणून ती नाक बाहीला पुसायची.

“धाकट्या जावेचा मधला पोरगा!”

“तुला रे कसं कळतं?”

“उजव्या बाहीला दुसरं कोण पुसतं?”

दोघं खो खो हसायची आणि बाटल्या भरल्या जायच्या.

आणि मग आला कॉम्प्युटर! त्याचा न्याय सरळ. अंगठा ज्याचा, दुखणं त्याचं. बाकीचे अंगठे तर डोंगरावर! कंपाउंडर जरा घुटमळले. पण कोरा पडदा त्यांच्या डोळ्यांत खुपत होता.

“आत्या, सगळं तुझ्याच नावावर टाकू का?”

“टाक की. मी नाहीतरी माझंच म्हणतेय.”

झालं! कंपाउंडर पेटीवाल्याच्या थाटात बोटं चालवायला लागले. उन्हाळा सरेपर्यंत कागदोपत्री आत्या सात महिन्यांची गरोदर होती, तिला प्रोस्टेटची सूज होती, अंगावर गोवर होता, ती अंथरूण ओलं करत होती आणि तिला दुधाचे दात येत होते. तरी दर आठवड्याला डोंगर उतरून येत होती! तिचं पान पडद्यावर लालभडक झालं. कंपाउंडरांना वाटलं, जास्त काम केल्याबद्दल रंग मिळाला.

अशात हेडऑफिसातून फोन आला. डॉक्टरबाई बोलत होत्या.

“तुमचं केंद्र फारच छोटं आहे हो. एवढ्याशा वस्तीसाठी परवडत नाही. बंद करतोय. मी उद्या येते सामान न्यायला.”

पुढचा दवाखाना तिथून आणखी एका दिवसाच्या वाटेवर. आत्याचे पाय तिथवर पुरायचे नाहीत. म्हणजे वस्तीची दुखणी वरच राहणार! त्या दिवशी कंपाउंडरांनी भाजी ढवळायला मुकाट्याने उलथनं हातात घेतलं. बायको घाबरलीच. “अहो, बरं नाही का वाटत?”

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाई आल्या, खुर्चीत बसल्या आणि त्यांनी ‘केंद्र बंद करा’ हे बटण दाबलं. कॉम्प्युटर कोकलला! पडद्यावर अक्षरं आली: ‘अतिगंभीर रुग्णावर उपचार सुरू आहेत. केंद्र बंद करता येणार नाही.’

“अतिगंभीर? कोण आहे?” बाईंनी पान उघडलं. मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. “सत्तरीची बाई गरोदर आहे?”

“हो.”

“आणि प्रोस्टेटला सूज?”

“किंचित.”

“दात येतायत?”

“खालचे दोन.”

नेमकी तेवढ्यात आत्या आली. कमरेवर हात, चाल बदकासारखी, धापा टाकत. “आई गं! आठवा लागला.”

“बाळ हलतंय का?” डॉक्टरबाईंच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

“हलतंय? लाथा घालतंय! बापावर गेलंय.” असं म्हणत आत्या बाकावर टेकली आणि लगेच मूठ तोंडात घालून हिरड्या चोळत तान्ह्या बाळासारखी रडायला लागली.

कंपाउंडरांनी घाम पुसत सगळं खरं सांगून टाकलं. बाई इतक्या हसल्या, इतक्या हसल्या की ड्रायव्हर पाणी घेऊन धावत आला. पण पाणी पिऊन झाल्यावर त्या म्हणाल्या, “हसले म्हणजे नियम बदलला असं नाही. पेशंट बरी झाली की केंद्र बंद. मी सगळी औषधं पाठवते. एकही दुखणं शिल्लक ठेवू नका!”

आणि बाई शब्दाच्या पक्क्या! खोके येऊन पडले. गुडघ्याची गोळी, बाळंतिणीची टॉनिकं, सगळं एक नंबर. आत्या ओझी वाहून नेत राहिली. पडद्यावरचा लाल रंग गुलाबी होत गेला.

आणि एके सकाळी आत्या आली ती ताठ. लंगडणं नाही, धाप नाही, शिंकसुद्धा नाही!

“काय होतंय?” कंपाउंडरांनी भीतभीतच विचारलं.

“काही नाही.”

“बाळंतपण?”

“झालं. मुलगी.”

“दात?”

“आले. चावतं मेलं.”

“गुडघा तरी?”

“परवा नाचला.”

पडद्यावर हिरवी पट्टी सरकायला लागली होती. “आत्या, पाया पडतो तुझ्या, काहीतरी काढ! नाहीतर पुढच्या आठवड्याला इथे कुलूप असेल!”

आत्याने डोळे मिटले. मग तिच्या छातीच्या तळातून एक खोकला उठला. पत्र्याच्या डब्यात दगड घरंगळावेत तसा. शेवटी बारीकशी शिट्टी आणि बाकावर दोन थापा.

कंपाउंडरांचा हात आपोआप गुलाबी बाटलीकडे गेला. तिथे आता प्रिंटर होता.

“अगं, हा तर आतोबांचा खोकला!” कंपाउंडर म्हणाले. आत्याचा नवरा जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. “पण आत्या, ते तर गेले ना?”

“माणूस गेला. खोकला कशाला वाया घालवायचा?” आत्या म्हणाली. आणि तिने तो पुन्हा एकदा काढला, जरा हळू, जरा लांबवून. दोघंही ऐकत राहिली.

कंपाउंडरांनी डोळे पुसले आणि एका बोटाने खोकला टाइप केला. हिरवी पट्टी थबकली. पडदा पुन्हा लाल व्हायला लागला आणि कॉम्प्युटरने विचारलं: ‘हा त्रास केव्हापासून?’

त्यांनी मोठ्याने वाचून दाखवलं.

“लिही,” आत्या पदर सावरत म्हणाली, “लग्न झाल्यापासून.”