भिंत सांगेल तसं

हिरामणशेठ भोईरांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःला बाजूने पाहिलं आणि हा कोण, असं आधी विचारलं. कामतघरच्या दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट उन्नतीने त्यांचा उभा फोटो काढून त्यावर एक लाल रेघ मारली होती. कान, खांदा, कंबर, घोटा, सगळं त्या रेघेवर यायला हवं होतं. शेठचा घोटा तेवढा आला होता. मान चांगली चार बोटं पुढे गेली होती आणि खांदे तिच्या मागोमाग निघाले होते.

"म्हंजी मी वाकडा हाय?"

"थोडे पुढे झुकलायत, काका. दिवसभर मोबाईलमध्ये मान घालून बसता ना? व्यायामाने सुधारेल."

'सुधारेल' शेठना ऐकूच आलं नाही. 'झुकलायत' मात्र छातीत जाऊन बसलं. त्यांचे वडील आधी असेच जरासे झुकले, मग काठीवर आले आणि शेवटची वर्षं खाटेवर पडून गेली. जगात शेठ त्या खाटेइतके कशालाच भीत नसत.

उन्नतीने व्यायाम सोपा दिला होता. सकाळ-संध्याकाळ भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. टाचा, कंबर, खांदे आणि डोकं भिंतीला टेकलं पाहिजे. "भिंत सांगेल तसं अंग ठेवायचं, बस," ती म्हणाली.

कोन गावात शेठचं चार मजली घर होतं, भातखाचरात भराव टाकून स्वतः उभं केलेलं. इंजिनीयरवर त्यांचा विश्वास नव्हता. समोर खुर्ची टाकून बसायचं आणि गवंड्याला "जरा मागं घे, आता पुढं घे" असं ओरडायचं, अशा रीतीने ते वर गेलं होतं. वरच्या मजल्यांवर पॉवरलूमवर काम करणारे भाडेकरू राहत. खालच्या हॉलच्या भिंतीला शेठनी पाठ लावली. भीती माणसाला भारी शिस्त लावते. शेठ देवपूजा चुकले, पण भिंत चुकले नाहीत.

थोड्याच दिवसांत त्यांच्या पोटऱ्या दुखू लागल्या. भिंतीला टेकलं की आपण आता तोंडावर पडणार असं वाटे, म्हणून पायाची बोटं फरशी धरून ठेवत. पुन्हा फोटो काढला, तर आता मानेसोबत कंबरही रेघ सोडून पुढे निघाली होती. उन्नतीच्या कपाळाला आठ्या पडल्या.

घरी थोरली बहीण होती. तिला सगळे ताई म्हणत आणि घाबरवण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. "आपला बापूस पन असाच झुकला व्हता," ती म्हणाली.

"गप बस ना गो ताई!"

"बाबा, टेन्शन नको, मी उभा राहून बघतो," मुलगा धनेश म्हणाला. तो भिंतीला चिकटला आणि दोन पावलं पुढे धडपडला. मग ताई उभी राहिली. तीही धडपडून समोरच्या टीपॉयवर आली.

"आपल्या रगतातच हाय रं!" ताईने हंबरडा फोडला. त्या दिवशी शेठ अंथरुणावर आडवे झाले ते उठेनात. घाबरलेला धनेश बाइक काढून थेट उन्नतीलाच घेऊन आला.

तिने शेठना उठवलं आणि तिघांना भिंतीला उभं करून नीट पाहिलं. मग पेशंटचं अंग सरळ आहे का ते बघायचा, दोरीला लावलेला ओळंबा पर्समधून काढला आणि भिंतीवरचं घड्याळ उतरवून त्याच्या खिळ्याला अडकवला. दोरी सरळ खाली आली. भिंत मात्र तिच्यापासून हळूहळू लांब गेली. जमिनीपाशी दोघांमध्ये ताईचा आख्खा पंजा मावत होता.

"काका, भिंत सोडून मधे उभे राहा बघू." शेठ मधे येऊन उभे राहिले. "अहो, छान आहात तुम्ही! मान जराशी पुढे आहे, ती हल्ली सगळ्यांचीच असते. बाकी तुम्ही भिंत सांगेल तसं इमानदारीने अंग ठेवलंत, एवढंच."

"मना काय झायलं न्हाय?" शेठचे डोळे भरून आले. "ताई, चहा टाक! पोरीला फराळ दे!"

"बाबा," धनेश हळूच म्हणाला, "मग वाकडं काय हाय?"

सगळ्यांचे डोळे ओळंब्याच्या दोरीकडे गेले. वरच्या मजल्यावर कोणीतरी पलंग सरकवला, तेव्हा चौघांनीही मान आत ओढली. पुढच्या क्षणी धनेश भाडेकरूंना खाली बोलवायला जिन्याने पळाला आणि ताईने गॅसचा सिलिंडर दाराकडे लोळवायला घेतला.

शेठ मात्र जागचे हलले नाहीत. त्यांनी उन्नतीपुढे हात जोडले.

"पोरी, पुन्ना एकदा बघ ना गो. माझ्यातच काय तरी खोट असंल."

"काका, तुम्ही सरळ आहात. आधी बाहेर चला!"

"न्हाय गो, नीट बघ," शेठ रडवेल्या आवाजात म्हणाले आणि त्यांनी मान निघेल तेवढी पुढे काढली. "हे बघ ना, केवढा झुकलोय मी!"