चौतीस अटी

कारखान्यातल्या पंपांची माहितीपुस्तकं गेली अठरा वर्षं बाई एकट्याच लिहीत होत्या. आता मुलीचं पहिलं बाळंतपण तोंडावर आलं होतं आणि साहेबांनी बजावलं होतं, बदली माणूस मिळाला तरच रजा.

"या वेळी जाहिरात अशी लिहिते," बाई म्हणाल्या, "की चुकीचा माणूस फाटकाशीसुद्धा फिरकणार नाही!"

मागे एकदा रजेपुरता माणूस हवा म्हणून नुसतं 'लेखनाची आवड हवी' एवढंच छापलं, तर एक भावुक गृहस्थ रुजू झाले. 'बटण दाबताच पंप हळूच हुंदका देतो,' असं त्यांनी पुस्तकात लिहिलं. मग महिनाभर गिऱ्हाइकांच्या तक्रारी! आमचा पंप हुंदका देत नाही, बदलून द्या!

म्हणून बाईंनी आठवडाभर खपून चौतीस अटी लिहिल्या. व्हॉल्व्ह डोळे मिटून ओळखता यावा. उलट उत्तर देणाऱ्या इंजिनियरशी तासभर शांतपणे बोलता यावं. शिवाय बाई प्रत्येक पुस्तक आधी नवऱ्याला वाचायला देत आणि तो जिथे डोकं खाजवी ती ओळ बदलत. म्हणून तेविसावी अट : घरात यंत्रातलं ओ की ठो न कळणारा एक माणूस असावा. साहेबांनी न वाचताच सही ठोकली.

तीन आठवडे फाटकाशी खरंच कोणी फिरकलं नाही. चौथ्या आठवड्यात एक मुलगी आली. सोबत एक धिप्पाड माणूस.

"किती अटींत बसतेस?"

"एकाच अटीत, मॅडम. तेविसाव्या. हा माझा दादा."

दादाने गंभीरपणे मान डोलावली.

बाईंनी त्याच्यापुढे सुटा पंप आणि आपलं पुस्तक ठेवलं. दादा वाचत वाचत जोडू लागला आणि नवव्या ओळीला थांबला. झाकण बसलेलं, नळी काखेत.

मुलीने पुस्तक ओढून घेतलं. "मॅडम, आधी झाकण बसवायला सांगितलंय आणि मग नळी आत घालायला! यात दादाची काय चूक?"

सहा वर्षं ती ओळ तशीच छापली जात होती. अठरा वर्षांत नवरा पंपांत तरबेज झाला होता आणि तो आता कुठेच अडत नव्हता, हे बाईंच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यांना मनापासून लाज वाटली, आणि त्याहून जास्त आनंद झाला. माणूस मिळाला!

"साहेब, हीच हवी."

साहेबांनी चष्मा लावला आणि यादी पहिल्यांदाच पूर्ण वाचली. "चौतिसांपैकी एक? अटी कोणी लिहिल्यात, बाई?"

"मी."

"एवढं सगळं येणारी एकच व्यक्ती आहे आपल्याकडे, आणि नेमकी तीच रजा मागतेय! तिला सोडून कसं चालेल?"

बाईंनी हुज्जत घातली, विनवण्या केल्या, डोळ्यांत पाणी आणलं. साहेबांनी फक्त सहीवर बोट ठेवलं.

संध्याकाळी बाईंच्या लेकीचा फोन आला. "आई, निघालीस ना?"

"थोडा उशीर होईल गं."

"पण अडवलंय कोणी?"

"आहे आमच्याकडे एक बाई. फार काटेकोर आहे मेली!"