दोन गिटार आणि दाजी

सकाळी दहाला थोरला धुमसतच स्टुडिओत शिरला.

"माझी साधी लाकडी गिटार. वायर नाही, वीज नाही. आणि धाकट्याची इलेक्ट्रिक तिच्या उरावर बसलीय. त्याची जरा कमी कर. मी आलो होतो हे त्याला सांगू नकोस."

रेकॉर्डिस्टने कमी केली.

दुपारी चारला धाकटा आला. "हा ब्लूज-रॉक आहे का अंगाईगीत? दादाची टुणटुण सगळीकडे घुसलीय. जरा कमी कर. आणि दादाला कळता कामा नये."

रेकॉर्डिस्टने तीही कमी केली. भावांच्या भांडणात पडायचं नाही, सांगतील तेवढं करायचं, असा त्याचा नेम होता.

अल्बमच्या प्रत्येक गाण्यात दोन्ही गिटार सारख्या वाजतील, असं या दोघांनीच हातात हात देऊन ठरवलं होतं. गाणारं कोणी नव्हतं. ठेक्याला यंत्र होतं आणि बेस गिटारला दाजी, म्हणजे बहिणीचा नवरा. दाजींना घेतलं ते त्यांच्याकडे सामान न्यायला गाडी होती म्हणून. पण गेली वीस वर्षं गिटार निघाली की चप्पल घालून बाहेर पडणारे वडील या वेळी म्हणाले होते, "रविवारी बसून ऐकतो." मग काय, आपलीच गिटार त्यांच्या कानावर पडावी म्हणून दोघंही इरेला पेटले.

दुसऱ्या दिवशी थोरल्याला धाकट्याची गिटार पुन्हा मोठी वाटली. वाटणारच, मधल्या वेळात त्याची स्वतःची कमी झाली होती. "काल सांगितलं होतं ना? अजून कमी कर," तो चिडून म्हणाला. चारला धाकट्यानेही तेच सुनावलं. असे पाच दिवस गेले. शनिवारी तर दोघांनी काही न ऐकताच फोनवर शेवटचं "अजून जरा" सांगून टाकलं.

रविवारी सगळे हॉलमध्ये बसले. यंत्राचा ठेका सुरू झाला आणि त्यावर दाजी घुमू लागले. दाजींना सूर येत होते तीन, ते त्यांनी मनापासून वाजवले होते. मागे कुठेतरी दोन डास गुणगुणत असावेत, तेवढेच भाऊ ऐकू येत होते.

थोरल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. धाकट्याचे कान लाल झाले. पण रेकॉर्डिस्टच्या नावाने ओरडावं, तर तो कोणी काय सांगितलं ते सगळं ओकणार. दोघं तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात बसले.

शेवटचं गाणं संपलं. वडिलांनी चष्मा काढून डोळे पुसले.

"जावईबापू, छान वाजवलंत. पण खरं कौतुक या दोघांचं. मला वाटायचं, हे एकमेकांचे पाय ओढत असतील. स्वतः मागे राहून बहिणीच्या नवऱ्याला पुढे करायचं, याला मोठं मन लागतं."

दाजी लाजले. भावांनी खाली बघत माना डोलावल्या.

"पुढचा अल्बमही असाच करा," वडील म्हणाले. "मी बसून ऐकेन."