साध्य : गाडी चालते

ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांनी जाड तळाचे नवे बूट घेतले. पहिल्याच दिवशी त्यांना क्लच लोण्यासारखा मऊ लागला. चांगल्या बुटात पाऊल कसं हलकं पडतं, हे त्यांनी घरी जाऊन दोनदा सांगितलं.

बेकरीच्या व्हॅनचा हॉर्न एकदा दाबला की आतच अडकून बसायचा.

पडदेवाल्यांना गाडी चालवता येत नव्हती. ते गाडी कानाने पारखत.

गाडीच्या पुढच्या कप्प्यात एक चष्मा होता. तो लावणाऱ्या माणसाला जाऊन वर्ष होत आलं होतं.

पक्ष

बाईंनी शाळेत भूमिती शिकवली आणि उरलेला वेळ नवऱ्याच्या गाडीत डावीकडे बसून काढला. "जरा दाबून घ्या, पुढे खड्डा आहे, तो सायकलवाला मध्ये येणार बघा," हे सगळं त्याच सांगायच्या. त्यामुळे गाडी मुळात आपणच चालवतो, यजमान नुसतं चाक धरतात, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. यजमान गेले आणि गाडी फाटकाच्या आत उभी राहिली. दुपारी बाई तिच्यात जाऊन बसायच्या. डावीकडेच.

चिरंजीवांनी ते पाहिलं.

"आई, उभी गाडी कुजते गं. विकून टाकू."

"ह्यांची गाडी आहे ती."

"मान्य. पण चालवणार कोण? मला आता क्लच कुठल्या पायाने दाबतात तेही आठवत नाही." चिरंजीवांच्या स्वतःच्या गाडीत गिअर आपोआप पडत.

"मी चालवीन."

चिरंजीव हसले. ते चुकलं. बाईंसमोर हसणाऱ्याचं पुढे काय होतं, हे त्यांना निदान लहानपणापासून ठाऊक असायला हवं होतं.

"बरं," ते घाईघाईने म्हणाले, "रविवारी पडदेवाले गाडी बघायला येतायत. त्यांना चौकापर्यंत फिरवून आण. आणलंस तर मी पुन्हा विक्रीचं नाव काढणार नाही. नाही जमलं, तर गाडी त्यांची."

"ठरलं," बाई म्हणाल्या आणि ड्रायव्हिंग स्कूलला फोन लावला.

रचना

शिकवायच्या गाडीत मास्तर डावीकडे बसत. त्यांच्या पायाशीही एक क्लच आणि एक ब्रेक होता. बाई उजवीकडे. दोन शिकवणारी माणसं एका गाडीत बसली की शिकणारं कुणीच उरत नाही.

"क्लच हळू सोडा, बाई."

"हळू म्हणजे किती? किती अंशात?"

"पायाला कोनमापक नसतो हो."

"इथेच तुमचं शिकवणं कच्चं राहतं, मास्तर."

पण गाडी मात्र सुरेख सुटायची. ना धक्का, ना आचका. बाईंना स्वतःचा अभिमान वाटायचा आणि मास्तरांना बुटांचा. दोघांच्या मधला हँडब्रेक मास्तरांचा उजवा हात बोलता बोलताच खाली करून टाकी. बाईंनी त्याकडे कधी पाहिलं नाही. नजर समोर ठेवायची, असं मास्तरांनीच बजावलं होतं.

सिद्धता

रविवारी पडदेवाले आले. डावीकडे बसले, कापडाच्या नमुन्यांची फुगलेली बॅग दोन सीटांच्या मध्ये ठेवली आणि डोळे मिटले. चिरंजीव मागे बसले.

"करा चालू, आजी. मी ऐकतो."

"बाई म्हणायचं."

बाईंनी किल्ली फिरवली, पहिला गिअर टाकला, क्लच अलगद सोडला. गाडी बेडकासारखी उडाली आणि बंद पडली.

"असं होतं पहिल्यांदा," बाई म्हणाल्या. "उभी होती ना इतके दिवस."

दुसऱ्यांदाही झालं. त्यानंतर किती वेळा झालं ते पडदेवाल्यांनी बोटांवर मोजायला घेतलं आणि बोटं संपल्यावर सोडून दिलं. दर उडीला गाडी हातभर पुढे जायची. शेवटी तिचं नाक गल्लीत आणि शेपूट फाटकात, अशा अवस्थेत ती कायमची रुसली. तेवढ्यात समोरून बेकरीची व्हॅन आली. व्हॅनवाल्याने हॉर्न दाबला. हॉर्न अडकला.

"काकू, ढकलू का?" व्हॅनवाला हॉर्नच्या वरताण ओरडला.

तो आणि चिरंजीव मागून लागले. दोघांचे चेहरे टोमॅटोसारखे झाले, पण गाडी जागची हलेना.

"डिकीत दगडबिगड भरलेत का हो?"

"पुस्तकंसुद्धा नाहीत," बाई म्हणाल्या आणि त्यांनी मास्तरांना फोन केला.

मास्तर धावत आले. सवयीने डावीकडचं दार उघडून पडदेवाल्यांना म्हणाले, "सरका." पडदेवाले मागे जाऊन बसले. बॅग पुढेच राहिली. मास्तरांनी पाय लांब केले. पाय इकडे चाचपले, तिकडे चाचपले.

"बाई, इथे क्लच नाही."

"घरची गाडी आहे, मास्तर. कसा असेल?"

मास्तरांचा चेहरा पडला. "मग सांगूनच टाकतो. रागावू नका. शिकवताना माझा पाय कायम माझ्या क्लचवर असतो. गाडी अलगद सुटायची ना, ती... मी सोडायचो."

व्हॅनचा हॉर्न नेमका तेव्हाच थांबला. बाईंनी चाकावरचे हात काढून मांडीवर ठेवले. डाव्या हाताजवळच्या कप्प्यात ह्यांचा चष्मा होता आणि तोही आता गाडीबरोबर जाणार, एवढंच त्यांना दिसत होतं. मागे चिरंजीव या वेळी हसले नाहीत.

पण बाई त्या बाईच. "मग या उजवीकडे," त्या खाली उतरत म्हणाल्या. "तुम्ही सोडत होतात ना? सोडा."

"मी?" मास्तरांना घाम फुटला. "मला उजवीकडे बसून बरीच वर्षं झाली, बाई. सकाळचा पहिला विद्यार्थी मला घरून घेतो आणि शेवटचा घरी सोडतो."

तरी बसले. गिअर टाकायला उजवा हात उचलला तो दारावर आपटला. डाव्या हाताने कसाबसा गिअर पडला. क्लच सुटला. बेडूक उडाला. गाडी बंद.

"पुरे!" पडदेवाले दार उघडून उतरले. "आवाजावर जाऊन मी फसलो असतो. शिकवणाऱ्याच्या हातून सुटत नाही, दोन गड्यांनी ढकलून हलत नाही! ही गाडी नव्हे, हे बांधकाम आहे. मला फुकट दिली तरी नको."

असं म्हणून त्यांनी पुढच्या दारातून हात घालून आपली बॅग उचलली. बॅगेखाली हँडब्रेक होता. पूर्ण वर ओढलेला. उत्तर येत असलेल्या पोराने हात वर करावा तसा ताठ.

बाईंनी तो पाहिला. मास्तरांनीही पाहिला आणि बोलायला तोंड उघडलं. बाईंनी नुसती नजर टाकली. भल्याभल्या वर्गांना जागच्या जागी गप्प बसवणारी नजर. मास्तरांचं तोंड मिटलं.

"अगदी योग्य निर्णय घेतलात," बाई पडदेवाल्यांना म्हणाल्या. "मी तुमच्या जागी असते तर उभीसुद्धा राहिले नसते."

पडदेवाले कोपऱ्यावर दिसेनासे होईपर्यंत त्या हात हलवत राहिल्या. मग वळल्या.

"मास्तर, डावीकडे."

"पण तिथे मी काय करू? पाय कुठे ठेवू?"

"जमिनीवर. आणि तोंड बंद."

व्हॅनवाल्याने व्हॅन मागे घेतली, चिरंजीव पुन्हा गाडीत चढले. बाईंनी हँडब्रेक खाली केला, पहिला गिअर टाकला, आणि क्लच सोडू लागल्या. एका ठिकाणी गाडी किंचित थरथरली. बाईंनी पाय तिथेच धरून ठेवला, कोनमापकाशिवाय. गाडी सुटली. चौकापर्यंत गेली, वळली, परत आली. मास्तर सबंध वेळ सीटची कड धरून बसले होते. मागच्या सीटवर चिरंजीव डोकं खाजवत होते.

"पण आई, ठरलं होतं पडदेवाल्यांना फिरवून आणायचं. नाही जमलं तर गाडी त्यांची."

"देऊन ये की," बाई म्हणाल्या. "जा, विचारून ये, घेतात का."

मास्तरांच्या गाडीतल्या डावीकडच्या क्लचची तार बाईंच्या पहिल्या धड्याआधीच तुटली होती, नव्या बुटांच्या आदल्या दिवशी.