परदेशीपणाची वार्षिक तपासणी

भाषा शिकवणाऱ्याला ती भाषा शिकवावी लागते, हा समज मागासलेल्या समाजांत अजून आढळतो. तंजावुरात तो १९९३ साली संपुष्टात आला. त्या वर्षी बाळकृष्णरावांनी राजवाड्यामागच्या, तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेल्या मराठी घरांच्या गल्लीत इंग्रजी संभाषणाचे वर्ग काढले आणि थेट वेल्सहून कॉलिन नावाचा शिक्षक आणवला. मी तिथे कारकून.

कॉलिनला महिना चार हजार, वसुमतीबाईंना साडेचारशे. यात अन्याय नव्हता. बाई एम.ए. होत्या, पाचही वर्ग शिकवायच्या, वह्या तपासायच्या. कॉलिन दिसायचा. (रस्त्यावरून दिसावा म्हणून त्याची खुर्ची खिडकीत होती. दुपारचं ऊन पगारात धरलेलं होतं.)

सेवाशर्ती उदार होत्या. शिक्षकाने काट्याचमच्यानेच जेवावे. वेष्टी (इकडचे धोतर) नेसू नये. रंग करपल्यास तो पूर्ववत होईपर्यंत बिनपगारी रजा. स्थानिक भाषा येऊ लागल्यास पालकांसमोर येऊ देऊ नये. दर एप्रिलला परदेशीपणाची तपासणी; नापास झाल्यास करार संपला, करार संपला की व्हिसाही.

आणि कॉलिनला जायचं नव्हतं. त्याची घरमालकीण ताराबाई, टेलिफोन खात्यातून निवृत्त. तिच्या मुलाबाळांना मराठी समजायचं, पण उत्तर तमिळमध्ये यायचं, फी भरल्यापासून इंग्रजीत. तीस वर्षं ती गल्लीतल्या पोरांना फुकट मराठी शिकवायला तयार होती. (एकूण प्रवेश : शून्य.) कॉलिन भाडेकरू असल्याने त्याला ऐकावंच लागलं. दोन वर्षांत तो तिच्यासारखाच बोलू लागला. (त्याच्या आजीची भाषा वेल्श. ती त्याला येत नाही. त्याच्या घरीही फी भरली असावी.)

१९९५ची तपासणी जवळच्या तिरुवैयारु गावी एका लग्नात, अनपेक्षितपणे पार पडली. पंगतीत सगळे पालक. केळीच्या पानावर भात, भातावर सार, आणि कॉलिनच्या हातात काटा. सार पानाच्या कडेला पोचलं तशी शेजारून ताराबाई म्हणाली, "हातानं अडव रे. नोकरीचं मागनं बघू."

त्यानं हातानं अडवलं. वर वाढप्याला म्हणाला, "मूठभर भात घाल गा, बांध फुटतोय."

दोन मुलांचे पालक रघुराम हात धुऊन बाळकृष्णरावांकडे आले. "राव, हा तर आपल्यातलाच निघाला. आपल्यातल्याला चार हजार कशाला?"

मंगळवारपर्यंत सत्तावीस मुलं गेली. बाळकृष्णरावांनी खुर्ची खिडकीतून काढायला घेतली.

तेवढ्यात ताराबाई आली. "राव, माणूस कशाला बदलता? पाटी बदला."

पाटी बदलली : 'मराठी संभाषण. शिक्षक परदेशी.' आठवड्यात एकतीस प्रवेश. पहिले दोन रघुरामांचे. "गोरा माणूस शिकलाय म्हणजे भाषेत काहीतरी असणार," ते म्हणाले.

कॉलिन राहिला. खिडकीत बसतो, चार हजार घेतो, काट्यानं जेवतो. मराठी अडखळत बोलायचा सराव त्यानं नेटानं केला. अस्खलित ऐकून पालक बिथरतात. आत वर्ग आता वसुमतीबाईंऐवजी ताराबाई घेते. साडेचारशे.

हल्ली पुण्याहूनही चौकशा येतात. तुम्हीही हा मजकूर घरातल्या मुलाला मोठ्यानं वाचायला सांगून पाहा. दुसऱ्या ओळीला अडला तर फी मनिऑर्डरनं पाठवा. आणि घरात फुकट शिकवायला तयार असलेलं कोणी असेल, तर त्यांनाही पाठवा. आम्ही त्यांना साडेचारशे देतो.