फीत पोटानं तोडावी

माणसाला मुलं कशासाठी होतात, यावर शहाण्या लोकांनी बराच विचार करून ठेवलाय. वंश चालावा म्हणून, म्हातारपणी कुणीतरी विचारावं म्हणून, वगैरे. हे सगळं आता जुनं झालं. मुलं होतात ती शाळेच्या क्रीडादिनाला शेवटी पालकांची शर्यत असते, तिच्यात पळायचा हक्क मिळावा म्हणून. मूल नसलेल्या माणसाला तिच्यात घेत नाहीत. (एकानं पुतण्या दाखवून शिरायचा प्रयत्न केला होता. त्याला खुर्च्या मांडायला लावलं.)

शर्यत ऐंशी मीटरची. कार्यक्रमपत्रिकेत तिच्यापुढे "केवळ गंमत म्हणून" असं छापलेलं असतं. ते वाचून जो खरंच गंमत म्हणून पळतो, तो काडीच्या बापासारखा शेवटून दुसरा येतो.

काडीचा बाप लिफ्ट दुरुस्त करतो. कंपनीत, इमारतींमध्ये, एवढंच काय सासरीसुद्धा त्याला लिफ्टवालाच म्हणतात, तेव्हा आपणही तेच म्हणू. गेल्या वर्षी त्याच्या मागे फक्त एक आजोबा होते, आणि तेही वाटेत थांबून फोनवर बोलत बसले म्हणून. पहिला आला दातांचा डॉक्टर. त्याची मुलगी काडीच्याच वर्गात. शर्यत संपल्यावर डॉक्टरनं लिफ्टवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "भाग घेतलात, हे महत्त्वाचं." डॉक्टरनं तो हात लगेच काढून घेतला. लिफ्टवाल्याच्या खांद्यावर मात्र तो वर्षभर राहिला.

आता काडी. वय आठ. हातपाय नावासारखे, आणि डोकंही नावासारखंच, जरा घासलं की पेटतं. पळते झकास, पण डोळे गच्च मिटून पळते. त्यामुळे वेग उत्तम आणि दिशा कुठलीही. गेल्या वर्षी ती सगळ्या मुलींच्या पुढे होती आणि तशीच पुढे जात जात पाहुण्यांच्या खुर्च्यांत घुसली. तेव्हा तिचा बाप एका दवाखान्यातल्या बंद पडलेल्या लिफ्टखाली, खड्ड्यात होता. तिथून सुटून तो मैदानावर पोचला तोवर फक्त पालकांची शर्यत उरली होती. म्हणून यंदा तिनं एकच गोष्ट मागितली.

"तू फितीच्या पलीकडे उभा राहा. हात पसरून. आणि मला हाका मार. मी आवाजाकडे येते."

"राहतो की," लिफ्टवाला म्हणाला.

"शपथ?"

"शपथ."

मागणं एवढंच होतं. त्यात अवघड काही नव्हतं, कारण उभं राहायला सराव लागत नाही. सराव लागतो पळायला. लिफ्टवाल्यानं तो दुसऱ्याच दिवशी सुरू केला.

प्रत्येक मोठ्या खेळाडूच्या मागे एक प्रशिक्षक असतो. लिफ्टवाल्याच्या मागे मेहुणा होता. तो तसाही मागेच होता, बाहेरच्या खोलीत, सोफ्यावर. नोकरी लागेपर्यंत म्हणून आला होता, आणि तेव्हापासून एक सोफा बदलून झाला होता. मेहुणा स्वतः आयुष्यात कधी पळालेला नव्हता, त्यामुळे पळण्याबद्दलची त्याची मतं अनुभवानं बिघडलेली नव्हती. रोज फोन छातीवर धरून तो जगभरातल्या धावपटूंचा अभ्यास करायचा, आणि अभ्यास जड झाला की झोपायचा.

पहिला नियम वजनाचा. अंगावर फालतू वजन नको. किल्ल्यांचा जुडगा गेला, पाकीट गेलं, दात घासायच्या ब्रशचा अर्धा दांडा कापला गेला. कामाच्या पिशवीतला मोठा पाना घरीच राहू लागला. (कामावर तो लागायचाच. मग लिफ्टवाला तो न्यायला पळत परत यायचा. हा सराव जादा धरण्यात आला.)

"आणि पोटाचं काय?" बायकोनं विचारलं.

"ताई, पोट पुढे असतं," मेहुणा म्हणाला. "फीत सगळ्यात आधी पोटालाच लागणार. ते कमी केलं तर आपलंच नुकसान."

पोट ठेवण्यात आलं.

दुसरा नियम, लिफ्टमध्ये पाय ठेवायचा नाही. बिघाडाची तक्रार आली की लिफ्टवाला इमारतीत शिरायचा आणि लिफ्टकडे ढुंकूनही न बघता जिन्यानं धूम ठोकायचा. लिफ्टची सगळी आतली माहिती असलेला माणूस लिफ्टपासून पळतोय, हे बघून रहिवासी काय समजायचं ते समजले. एका इमारतीत नवव्या मजल्यावरच्या आजी तेव्हापासून खाली उतरलेल्याच नाहीत, भाजी टोपलीतून दोरीनं वर ओढून घेतात. कंपनीत मात्र लिफ्टवाल्याचं नाव झालं. त्याच्या वाट्याच्या इमारतींमध्ये कुणी लिफ्टच वापरेना, त्यामुळे बिघाड निम्म्यावर आले. साहेबानं सगळ्यांसमोर त्याला उभं करून इतरांना काहीतरी शिकायला सांगितलं. काय, ते साहेबालाही माहीत नव्हतं.

तिसरा नियम सगळ्यात महत्त्वाचा. मेहुण्याच्या अभ्यासानुसार छोटी शर्यत पहिल्या पावलातच जिंकली जाते, बाकीचे मीटर नुसते संपवायचे असतात. म्हणून शिट्टी. एक गुडघा जमिनीला, बोटं टेकलेली, मान खाली, कंबर वर. शिट्टी झाली की सुटायचं.

"विचार करायचा नाही, भाऊजी. विचारात वेळ जातो. तुमचा तर फारच जातो."

मेहुणा सोफ्यावरून फुंकायचा. लिफ्टवाला स्वयंपाकघराच्या दारातून सुटायचा आणि बाल्कनीच्या गजांना जाऊन थडकायचा. सुरुवातीला तो शिट्टी ऐकून आधी कुणी वाजवली ते बघायचा. पुढे तो आधी पळायचा आणि मग बघायचा. शेवटी शेवटी बघायचंही बंद झालं. मेहुणा म्हणाला, आता जमलं.

जमलं ते घरापुरतं राहिलं नाही. चौकात वाहतूक पोलिसानं शिट्टी मारली की सगळ्या गाड्या थांबायच्या आणि एकटा लिफ्टवाला निघायचा. केशकर्तनालयात टीव्हीवर फुटबॉलचा सामना लागला होता, पंचानं शिट्टी फुंकली, आणि हे गृहस्थ अर्ध्या दाढीवर, गळ्यात पांढरं फडकं बांधलेले, कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानापर्यंत पोचले. न्हाव्यानं उरलेली दाढी तिथे जाऊन केली. मागे लागणं त्याला परवडणारं नव्हतं, त्याचं वजन कुणी कमी केलेलं नव्हतं.

बायकोला हे सगळं खुळचट वाटायचं. मग एका सकाळी चहाच्या किटलीनं शिट्टी मारली, आणि नवरा अंथरुणातून उठून ओट्याशी हजर झाला. लग्नाला बारा वर्षं झाली होती, असं कधी घडलं नव्हतं. त्यानंतर तिनं प्रशिक्षणाला विरोध केला नाही. उलट आणखी मोठा आवाज करणारी किटली आणली.

काडी हे सगळं बघत होती. संध्याकाळी बाप घामाघूम होऊन बाल्कनीत टेकला की ती येऊन विचारायची, "बाबा, उभं राहायचा सराव कधी करणार?"

लिफ्टवाला हसायचा. त्याला वाटायचं, पोरगी विनोदी आहे.

क्रीडादिन आला. मैदानावर चुन्याच्या रेघा, खांबावर कर्णा, तंबूत पाहुणे. नऊ वर्षांखालच्या मुलींची शर्यत, तीही ऐंशी मीटरचीच, आणि तिला लागून पालकांची. ही रचना ज्यानं केली त्याला माहीत नसावं, पण त्यानं एका माणसाचे दोन तुकडे केले होते. एक तुकडा फितीपलीकडे उभा राहायला हवा होता, दुसरा सुरुवातीच्या रेघेमागे पाय गरम ठेवत उड्या मारायला.

मेहुण्यानं निकाल दिला. आधीच फितीपाशी जाऊन उभं राहिलं तर पाय गार पडतात. मुलींना रेघेवर बोलावलं की मगच चालत जायचं, पोरी उभ्या राहीपर्यंत वेळच वेळ असतो. लिफ्टवाल्याला हे पटलं. आपल्याला जे हवंय ते दुसऱ्यानं सांगितलं की चटकन पटतं.

थोड्या अंतरावर दातांचा डॉक्टर एका पायावर उभा राहून दुसरा पाय मागे ओढत होता, केवळ गंमत म्हणून.

मुलींना बोलावलं. काडी रेघेवर जाऊन उभी राहिली. डोळे तिनं आधीच मिटून घेतले होते, पण पायात काहीतरी वळवळतंय हे तिला कळलं.

"बाबा, बुटाची नाडी सुटली. बांध, आणि पळ तिकडे."

"आलो," लिफ्टवाला म्हणाला आणि रेघेवर खाली वाकला. एक गुडघा जमिनीला, बोटं टेकलेली, मान खाली, कंबर वर. गाठ मारून झाली. उठायचंच बाकी होतं.

पाहुण्यांना निघायची घाई होती. खेळाच्या सरांनी शिट्टी फुंकली.

इथून पुढे जे झालं त्यात लिफ्टवाल्याची काहीही चूक नाही. सांगितल्याप्रमाणे त्यानं विचार केला नाही.

जाणकार सांगतात की त्या मैदानावर इतकी देखणी सुरुवात कुणी पाहिलेली नव्हती. दहाव्या मीटरला त्यानं सगळ्या स्पर्धकांना मागे टाकलं. (त्यातल्या निम्म्यांचे दुधाचे दात पडत होते, पण नियमात दातांबद्दल काही नाही.) अर्ध्यावर त्याला जाणवलं की दोन्ही बाजूंना कुणीच नाही, म्हणजे डॉक्टर मागे पडला. त्यानं आणखी जोर लावला. शेवटी मागून बारीक बारीक पावलं ऐकू आली, तेव्हा त्यानं छाती पुढे काढली, पण फितीला आधी पोटच लागलं. मेहुण्याच्या सगळ्या अभ्यासातला हा एकमेव मुद्दा पुढे खरा ठरला.

त्यानं घड्याळ पाहिलं. आयुष्यातली सगळ्यात जलद वेळ. त्यानं दोन्ही हात वर केले, मग पसरले, आणि मागे वळून बघितलं.

समोरून तिसरीचा वर्ग येत होता.

हात खाली घ्यावेत असा निरोप डोक्याकडून हातांना पोचायला थोडा वेळ लागला. तेवढ्यात तोंडातून "काडी..." एवढं निघालं. आणि काडी आली, सरळ रेघेत, वाऱ्यासारखी, ती थेट त्याच्या पोटावर आदळली. म्हणजे फितीच्या पलीकडे, हात पसरून, हाक मारत. शपथ शब्दाला शब्द पाळली गेली होती.

फक्त पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना लांबचं नीट दिसत नव्हतं.

लगेच समिती बसली. शाळेच्या मोठ्या बाई, खेळाचे सर, आणि पालकांतर्फे दातांचे डॉक्टर. शर्यत रद्द करावी, असं सरांचं म्हणणं. पण रद्द केली तर परत घ्यावी लागणार, परत घ्यायला दुसरी फीत नव्हती, आणि वाजलेल्या टाळ्या परत घ्यायची शाळेत सोय नव्हती. बाईंनी नियम वाचले. जो फीत तोडेल तो पहिला. बापानं तोडू नये असं कुठंही लिहिलेलं नव्हतं. वय नऊच्या आत हवं असं मात्र लिहिलेलं होतं, तेव्हा लिफ्टवाल्याला वय विचारण्यात आलं, आणि त्यानं इतक्या बारीक आवाजात सांगितलं की ते ग्राह्य धरण्यात आलं. डॉक्टरांनी आक्षेप घेतला तो एकच, त्याच्या बुटांवर.

कर्ण्यावरून निकाल जाहीर झाला. नऊ वर्षांखालील मुली. पहिला क्रमांक, लिफ्टवाले. दुसरा, काडी. तिसरा, डॉक्टरांची मुलगी. पहिल्या क्रमांकाला कंपासपेटी, झाकणावर दोन मांजरं. आणि एका माणसाला एकाच शर्यतीत भाग घेता येतो (हाही नियम डॉक्टरांना अचानक आठवला), त्यामुळे पालकांच्या शर्यतीतून लिफ्टवाले बाद.

पालकांची शर्यत झाली. डॉक्टर पहिला आला. लिफ्टवाला दोरीबाहेर, हातात मांजरांची कंपासपेटी घेऊन उभा होता. त्यानं डॉक्टरची वेळ घड्याळात धरली. स्वतःची त्यापेक्षा चांगली होती. वर्षभर ज्याच्यासाठी जिने चढला ते त्यानं करून दाखवलं होतं, पण सांगायचं कुणाला? शेवटी त्यानं काडीला सांगितलं.

काडीनं झाकणावरच्या मांजरांकडे पाहिलं. मग म्हणाली, "तू मला हरवलंस."

"चुकून गं."

"तुझे बूट माझ्या पुढे वाजायला लागले. म्हणून मी डोळे उघडले."

"मग?"

"मग तुझी पाठ दिसली. मला इतका राग आला ना, की परत मिटलेच नाहीत."

लिफ्टवाल्याच्या तेव्हा कुठे ध्यानात आलं की पोरगी आज पहिल्यांदा सरळ पळाली होती, आणि वर्गातल्या एकाही मुलीला पुढे जाऊ दिलं नव्हतं. तिचा पहिला नंबर त्याच्या हातात होता. त्यानं पेटी पुढे केली. काडीनं ती उघडली, आतलं खोडरबर हुंगलं, झाकण लावलं आणि परत दिली.

"ठेव तुला. पुढच्या वर्षी तुला हरवून घेणार."

"बरं. आणि फितीपलीकडे मी..."

"तू नको. आई उभी राहील."

लिफ्टवाल्यानं दोरीपाशी उभ्या बायकोकडे पाहिलं.

"राहीन की," बायको म्हणाली. "मी काय, शिट्टी वाजली तरी हलत नाही."

मेहुणा मान खाली घालून फोनमध्ये बघत होता. उभं राहण्याचं प्रशिक्षण कुठे मिळतं, ते शोधत असावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी किटलीनं शिट्टी मारली. ओट्याशी दोघं पोचले. काडी आधी पोचली, डोळे टक्क उघडे.

हा प्रसंग ऐकून बरेच पालक हसतात, काय एकेक वेडे असतात म्हणतात, आणि आपल्याला बुवा असलं काही नाही म्हणतात. बरोबरच आहे. ही गोष्ट वाचायला साधारण पालकाला आठ मिनिटं लागतात. दातांच्या डॉक्टरांनी सहात संपवली. तुम्ही आत्ता घड्याळाकडे बघितलंत, तर बघितलंतच आहे म्हणून, आणि केवळ गंमत म्हणून, तुमची किती झाली?